बरणीत वाढलेलं औषध

१

चोरी झाली की वस्तू कमी होते. एवढं कळायला काही उभी हयात दारूबंदी खात्यात घालवावी लागत नाही. धोंडिराम निकाळजे यांनी मात्र ती घालवली होती, आणि तरीही त्या शुक्रवारी सकाळी मालाडच्या धर्मादाय दवाखान्यात एका काचेच्या बरणीसमोर उभे राहून ते डोकं खाजवत होते. डाव्या हातानं खाजवत होते, कारण उजवा खांदा आखडलेला होता.

बरणीतलं औषध कमी झालं नव्हतं. वाढलं होतं!

"काका, मी वेडी नाहीये," उत्तरा तायडे म्हणाली. दवाखान्यातली ही फिजिओथेरपिस्ट. बोरिवलीहून यायची, वय कोवळं, पण हात असा की पेशंट दुखणं विसरून तिच्याशी गप्पा मारत बसायचे. "ही चिकटपट्टी बघा. औषध भरलं तेव्हा इथपर्यंत होतं. मागच्या शनिवारी माझं काम संपलं तेव्हा पट्टीच्या बरंच खाली गेलेलं. सोमवारी कपाट उघडलं तर पट्टीच्या वर! मला वाटलं, तुळशीदासनं भर घातली. काल त्याला विचारलं तर तो म्हणतो, मी हातच लावला नाही."

"आणि गुण?"

"तेच तर! सोमवारपासून एकाही पेशंटला गुण नाही. तुमचा खांदा कसा आहे?"

निकाळजेंनी हात वर करून दाखवायचा प्रयत्न केला. तो कमरेपासून निघाला आणि छातीपाशी येऊन थांबला. पंधरवड्यापूर्वी तो कानापर्यंत पोचला होता, आणि त्या आनंदात त्यांनी दहिसरच्या अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते. ते पेढे आता त्यांना फार महाग वाटायला लागले.

उत्तराचं मशीन म्हणजे मालाडात नवलाईची गोष्ट होती. एक पेटी, त्यातून निघालेली वायर, आणि वायरच्या टोकाला चपट्या धातूचं गोल डोकं. दुखऱ्या सांध्यावर औषधाचं जेल फासायचं आणि वरून ते डोकं हळूहळू फिरवायचं. कानाला ऐकू येणार नाही इतका बारीक आवाज त्यातून निघतो, तो कातडीतून आत शिरतो आणि जाताजाता जेलमधल्या औषधालाही वाट करून देतो, असं तिनं निकाळजेंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. सुई नाही, गोळी नाही. निकाळजेंना यातलं 'सुई नाही' एवढं फार आवडलं होतं.

"जयंतीभाई उद्या सकाळी येणार आहेत," उत्तराचा आवाज खाली आला. जयंतीभाई म्हणजे दवाखान्याचे ट्रस्टी. "कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंय की मी खरं औषध काढून बोरिवलीला खाजगी पेशंटना वापरते आणि इथं काहीतरी भलतंच भरून ठेवते. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते ना! उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर मशीन घाटकोपरच्या दवाखान्याला जाणार, आणि माझं नाव पोलिसात."

निकाळजेंनी बरणी उचलली. आयुष्यभर ज्या नाकाच्या जोरावर त्यांनी मनोरी-गोराईच्या खाड्या पिंजून काढल्या, ते नाक त्यांनी बरणीत घातलं. मग बोटाला थोडं लावून, उत्तरा "अहो काका!" म्हणेपर्यंत, जिभेवरही ठेवलं.

वास नाही. चव नाही. खडू नाही, मैदा नाही, तेल नाही. फक्त रंग बदललेला. आधी दुधाळ असलेलं जेल आता पांढरंशुभ्र झालं होतं, आणि बरणीच्या काठाला किंचित राखाडी-हिरवट झाक होती.

"भेसळ आहे, पोरी," निकाळजे म्हणाले. "पण कसली, ते माझ्या नाकाला कळत नाही."

नोकरीत त्यांच्यावर ही पाळी कधीच आली नव्हती.

२

किल्ली उत्तराकडे असायची हे खरं, पण दुसरी किल्ली ड्रेसिंगच्या टेबलामागे खिळ्याला लटकत असायची. आणि ही गुप्त गोष्ट दवाखान्यात सगळ्यांना माहीत होती.

पहिला नंबर तुळशीदासचा लागला. तुळशीदास म्हणजे कंपाउंडर. खिडकीमागे बसून त्यानं अर्ध्या मालाडला लाल-पिवळी औषधं पाजली होती. उत्तराचं मशीन आल्यापासून त्याच्या खिडकीपुढची रांग आटली होती, आणि हे दुःख तो लपवतही नसे.

"औषध गिळायचं असतं, साहेब. कातडीला काय तोंड आहे?"

"मग राग म्हणून काही मिसळलंस का?"

"मी?" तुळशीदास उभाच राहिला. "चिनी मातीच्या खलात स्वतः घोटलंय मी ते! मशीन बंद पडावं असं वाटतं, यार, खोटं कशाला बोलू? पण औषधात घाण घालायची म्हणजे आपल्याच हातावर थुंकायचं."

हे निकाळजेंना पटलं. चिडलेला माणूस खोटं बोलताना इतका सरळ चिडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"शेवटचं कधी बघितलंस?"

"शनिवारी संध्याकाळी, मॅडम गेल्यावर. औषध खाली बसलं होतं. वर पाण्यासारखं जेल, तळाला पांढरा थर. 'हे औषध फाटलं वाटतं,' असं मी म्हणालोसुद्धा. खरं तर चमच्यानं हळूच ढवळलं की झालं. सोमवारी मॅडमना सांगणार होतो, राहून गेलं."

"कोणाला म्हणालास?"

"कोणाला नाही, असंच. खोलीत होतंच कोण? सखुबाई लादी पुसत होती, बस्स."

निकाळजे पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून उत्तराची किंकाळी आली.

३

उत्तरा मनगट धरून उभी होती. मशीन तपासायला तिनं बरणीतलं जेल स्वतःच्याच हाताला लावलं होतं. हात गारच राहिला, म्हणून तिनं मशीनच्या डोक्याला बोट लावलं तर चांगला चटका बसला.

"फुंकर नका घालू," म्हणत सखुबाई लगबगीनं आली. सखुबाई दवाखान्याची आया. सातारकडची, पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी आणि काम फार. वरच्या फळीवरून तिनं एक छोटी डबी काढली आणि लोण्यासारखं मऊ, पांढरं काहीतरी उत्तराच्या बोटाला लावलं. "धुतलेलं तूप हाय. शंभर पाण्यांनी धुतलंय. फोड येनार न्हाई."

"काका, गंमत बघा," उत्तरा बोटाकडे न बघताच म्हणाली. "साधं, बिनऔषधाचं जेल लावलं की मशीन झकास चालतं. हात आतून गरम होतो. या बरणीतलं लावलं की हात गार आणि मशीनचं डोकंच तापतं. आवाज आत जातच नाहीये. मागे फिरतोय."

"दारातूनच परत पाठवतंय कोणीतरी," निकाळजे पुटपुटले. "पण काय?"

बाकावर बसलेल्या अंजनाबाईंकडे त्यांची नजर गेली, आणि अंजनाबाईंनीही ती ओळखली. अंजनाबाई मनोरीच्या कोळीण. सध्या मासे विकत. पूर्वी माशांच्या टोपलीखाली आणखी काय काय असायचं, ते निकाळजेंना चांगलं माहीत होतं, कारण तीन वेळा त्यांनी ती टोपली स्वतः उलटी केली होती. आता दोघं एकाच बाकावर बसून नंबराची वाट बघत, आणि अंजनाबाई त्यांच्यासाठी सुके बोंबील आणत.

"बघू नको असा!" अंजनाबाई कडाडल्या. "तुजा हात वर व्हत नाय, पन बोट लगेच माज्याकरं! अरे, त्या बरनीत माजा गुडगा हाय. मार्व्याला होडीत चढताना मना कोन उचलील, तू?"

"विचारलं कुठं मी काही?"

"डोल्यांनी विचारलंस. आता आयक. मालात पानी घातला तर माल पातल व्हतो. हे बग." त्यांनी बरणी तिरकी केली. औषध जागचं हललं नाही. "हा घट्ट झालाय. यात कोनी काय घातला नाय, सायबा. मना इचार."

या विषयातला त्यांचा अधिकार निकाळजेंनी एकदा कोर्टातही मान्य केला होता. पण काही घातलंच नाही, तर वाढलं कसं?

दुपारी जयंतीभाईंचा फोन आला. उत्तरानं ऐकून घेतलं आणि रिसीव्हर अलगद खाली ठेवला. "उद्या येताना ते एकटे नाही येणार," ती म्हणाली. "हवालदाराला घेऊन येणार आहेत."

४

दहिसरला घरी पोचेपर्यंत निकाळजेंचा चेहरा पार उतरला होता. चाळीत शिरताना दोघांनी "जय भीम, साहेब" म्हटलं, तेही त्यांच्या कानावर नीट पडलं नाही.

"नाक बसलं वाटतं," त्यांच्या पत्नी कमलताई म्हणाल्या. त्या खाली बसून परातीत उडदाच्या डाळीचं पीठ फेटत होत्या. दहीवड्यांचा बेत होता.

"चेष्टा सुचते तुला. एका गुणी पोरीची उद्या वाट लागणार आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. कमलताईंना सांगितलं की त्यांना स्वतःलाही गोष्ट नीट समजायची. "आता तूच सांग. कोणी काही काढलं नाही, कोणी काही घातलं नाही, आणि बरणी भरली. भुताटकी आहे का?"

 फेटणं थांबवून कमलताईंनी पिठाची एक गोळी वाटीभर पाण्यात टाकली. गोळी बुडाली. त्यांनी पुन्हा फेटायला घेतलं, हात दुखेपर्यंत फेटलं, आणि दुसरी गोळी टाकली. ती टपकन वर येऊन तरंगायला लागली.

"झालं," त्या म्हणाल्या. "वडे हलके होणार."

निकाळजे वाटीकडे बघतच राहिले. मग परातीकडे. मघाशी तळाशी असलेलं पीठ आता काठाला लागलं होतं, आणि पांढरंही झालं होतं.

"कमल!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "हे वाढलं कसं गं?"

"वाढलं कुठं? फेटलं की फुगतंच. वारा भरतो त्यात."

निकाळजे पायात चपला सरकवून पुन्हा निघणारच होते, पण कमलताईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. दवाखाना सकाळीच उघडणार होता, आणि वडे गरम असतानाच पाण्यात सोडावे लागतात. तेव्हा ते बसले आणि भरपूर जेवले.

५

शनिवारी सकाळी उत्तराच्या छोट्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जयंतीभाई खुर्चीवर, हवालदार दारात, तुळशीदास कपाटाला टेकून, अंजनाबाई बाकावर, सखुबाई खिडकीपाशी.

"उत्तराबेन," जयंतीभाई म्हणाले, "मला लांब भाषण नको. औषध कुठं गेलं?"

"कुठंच नाही," निकाळजे मध्येच म्हणाले आणि त्यांनी टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले. दोन्ही कमलताईंच्या मांडणीतले. एका ग्लासात त्यांनी साध्या जेलचा गोळा सोडला. तो बुडाला. दुसऱ्यात बरणीतला सोडला. तो वर आला आणि तरंगत राहिला.

"चोर असता तर माल कमी झाला असता," निकाळजे म्हणाले. "भेसळ करणारा असता तर मालात माल आला असता. पाणी, खडू, पीठ, काहीतरी. या बरणीत वाऱ्याशिवाय काही आलेलं नाही. कोणीतरी हे औषध फेटलंय. जीव तोडून फेटलंय."

जयंतीभाईंनी हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं छताकडे बघितलं.

पण उत्तराचा चेहरा असा उजळला की खोलीतल्या कोणाला दिवा लावावासा वाटला नसता. "हवा!" ती ओरडली. "काका, हवा! हा आवाज सगळ्यातून जातो, फक्त हवेतून जात नाही. म्हणून तर आपण जेल लावतो!" तिनं मशीनचं डोकं उलटं धरलं, त्याच्या कडेनं चिकटपट्टीचं कुंपण केलं, आत साध्या जेलचा थर दिला आणि त्यावर थेंबभर पाणी सोडलं. बटण फिरवताच पाणी थुईथुई नाचायला लागलं, आणि वर बारीक तुषार उडाले. अंजनाबाईंनी "अगो बाय!" म्हणत हात जोडले.

मग तिनं डोकं पुसलं आणि बरणीतल्या जेलचा थर दिला. पुन्हा पाणी, पुन्हा बटण. पाणी हललंसुद्धा नाही.

"औषध सगळं याच बरणीत आहे, जयंतीभाई," उत्तरा म्हणाली. "चिमूटभरसुद्धा कमी नाही. बुडबुड्यांनी वाट अडवलीये, बस्स. नवं जेल हलक्या हातानं ढवळून घेतलं की सोमवारी सगळ्यांचे खांदे सुरू!"

जयंतीभाईंनी वाकून ते स्थिर पाणी निरखलं. मग म्हणाले, "बरं. चोरी नाही. पण कोणी केलं हे? माझ्या दवाखान्यात औषधाला हात लावतो, आठवडाभर माणसं हाल सोसतात, आणि तोंड उघडत नाही. मला नाव पाहिजे. नाव मिळालं नाही तर किल्ली ज्याच्याकडे, त्याचं नाव मी लिहून देणार."

 निकाळजेंना नाव माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते उच्चारावंसं वाटत नव्हतं.

६

नाव काढणं अवघड नव्हतंच. तुळशीदास घोटतो तो चिनी मातीच्या खलात, आणि चिनी माती कशालाही हिरवट झाक देत नाही. ती झाक काशाच्या ताटाची. अंजनाबाईंचा हात त्या बरणीत गेला असता तर निकाळजेंच्या नाकानं तो शपथेवर ओळखला असता. राहिलं ते एकच माणूस. 'औषध फाटलं' हे शब्द ज्याच्या कानावर पडले, ज्याला रविवारी रिकाम्या दवाखान्यात लादी धुवायला यावं लागतं, आणि ज्याच्या डबीत काशाच्या ताटात तळहातानं फेटून फेटून पांढरं केलेलं तूप असतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, ज्यानं हे केलं त्यानं त्या बरणीतून काही घेतलं नव्हतं, तिच्यात फक्त कष्ट घातले होते. असा गुन्हेगार निकाळजेंना आजवर भेटला नव्हता.

पण हवालदार दारात उभा होता. आया बिचारी गरीब, नोकरी गेली तर जाणार कुठं? दुसऱ्या बाजूला उत्तरा. निकाळजेंनी घसा खाकरला. त्यांनी उत्तराकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. काल भाजलेल्या बोटाकडे एकदा बघून ती घाईघाईनं म्हणाली, "जयंतीभाई, माझंच नाव लिहा. किल्ली माझीच होती."

"मी केलं!"

सगळ्यांनी खिडकीकडे वळून बघितलं. शाळेतल्या मुलीसारखा सखुबाईनं हात वर केला होता. उजवा हात. सरळ, कानाला लागलेला, बोटं छताकडे.

"मी केलं, सायेब. तुळशीदासदादा म्हनले, औषध फाटलं. मला वाटलं, बाईंचं औषध वाया गेलं आन् आता लोकांचं दुखनं कसं जायाचं? आमच्याकडं तूप असंच धुत्यात, जितकं फेटावं तितका गुन वाढतो. म्हनून काशाच्या ताटात घेतलं आन् रईवारी दिसभर फेटलं. हात बी दुखला न्हाई." तिनं दारातल्या हवालदाराकडे बघितलं. "मंग पोलीस पोलीस व्हाया लागलं, तवा माझी दातखीळ बसली. बाईंचं नाव नका लिहू. माझं लिहा. सखुबाई धोंडू मोहिते."

हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचा असतो हे तिला सुचलंच नव्हतं.

जयंतीभाई त्या हाताकडे बघत होते. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं.

"सखुबाई," ते हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्ही मला डाव्या हातानं पाणी दिलं होतं. सगळ्या ट्रस्टींसमोर. मी किती बोललो तुम्हाला! रीतभात नाही म्हणालो."

सखुबाई खाली बघायला लागली. "उजवा उचलतच नव्हता, सायेब. येनी सुदिक घालता येत न्हवती."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी रागावला व्हता."

"ह्या माझ्या पहिल्या पेशंट, जयंतीभाई," उत्तरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "याच मशीननं, याच औषधानं."

जयंतीभाई खुर्चीतून उठले. हवालदाराला त्यांनी हातानंच जायची खूण केली. तो मात्र गेला नाही. त्याची मान कित्येक दिवस दुखत होती आणि त्यानं अंजनाबाईंकडे नंबराची चौकशी चालवली होती.

"मशीन इथंच राहील," जयंतीभाई म्हणाले. मग ते सखुबाईंपुढे जाऊन उभे राहिले.  ते म्हणाले, "सखुबाई, मला थोडं पाणी द्याल?"

सखुबाईनं डोळे पुसले, माठातून लोटा भरला आणि उजव्या हातानं पुढे केला. जयंतीभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले.